वीज आलेली असताना खांब दुरुस्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागीय अभियंता,
वीजपुरवठा विभाग, सें-ओनेझिफोर परिसर,
क्युबेक प्रांत.

विषय : माझ्या घरची वीज सुरळीत असूनही ती बंद असल्याप्रमाणे खांबावर माणसे चढवून दुरुस्तीचा देखावा करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या तक्रार-दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित बाईंशी माझे वेळोवेळी झालेले बोलणे. (बाईंनी एकदाही ऐकून घेतले नाही.)
२) आपल्या लाइनमनने मला रस्त्यावरून ओरडून दिलेला सल्ला.

महोदय,

विषय वाचून आपण चष्मा काढून पुसला असल्यास तो पुन्हा लावावा. वाचलेत ते बरोबर आहे. मी शुद्धीवर असून घरातील ब्रँडी वादळाच्या पहिल्याच आठवड्यात संपलेली आहे. वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे :

१. मी 'तिसरी रांग' नावाच्या रस्त्याला उत्तरेच्या बाजूस राहतो. माझा धाकटा भाऊ एव्हरिस्त दक्षिणेच्या बाजूस, बरोबर समोर राहतो. आपल्या खात्याने रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या तारांवरून वीज दिलेली आहे. हे ज्याने ठरवले त्याला भाऊ नसावा.

२. या महिन्यात जो पाऊस पडता पडता गोठत गेला, त्याने तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या, खांब मोडले आणि दोन्ही बाजूंची वीज एकदमच गेली, हे आपण जाणताच. विजेवर चालणारे भिंतीतले हीटर थंड पडले. माझ्याकडे लाकडावरची लोखंडी शेगडी आहे. आमच्या रस्त्याची रीत अशी, की ज्याची शेगडी पेटलेली त्याच्या घरी सगळ्यांनी न विचारता जायचे. त्याप्रमाणे एव्हरिस्तची बायको मोनिक आपली उशी आणि पत्त्यांचा जोड घेऊन आमच्याकडे आली. एव्हरिस्त आला नाही. तो स्वतःच्या घरात कानटोपी घालून, अंगावर दोन कोट चढवून पाच दिवस बसून राहिला. माझी पत्नी जिलबेर्त रोज त्याला वाटाण्याचे सूप नेऊन देई. परत आली की सांगे, "त्याच्या मिशीत बर्फ धरलंय. त्याला हाक मार." मी म्हणे, "त्याला रस्ता माहीत आहे."

३. यामागचे कारण थोडक्यात नमूद करतो. सहा हिवाळ्यांपूर्वी एव्हरिस्तने आपल्या बर्फ उडवायच्या यंत्राने त्याच्या अंगणातले सगळे बर्फ रस्त्यापलीकडे फेकले. ते माझ्या गाडीवरच्या कापडी मांडवावर पडले. मांडव बसला, मांडवाखाली गाडीही बसली. मी जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, "बर्फ देवाने पाडलं, देवाकडे जा." मी देवाकडे गेलो नाही आणि त्याच्याकडेही गेलो नाही. तेव्हापासून आम्ही एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसतो.

४. मग आपल्या खात्याने दक्षिण बाजूची वीज आधी दिली. माझी हरकत इथूनच सुरू होते. वीज येताच रीत उलटी फिरली. मोनिक घरी गेली आणि जाताना जिलबेर्तला घेऊन गेली, कारण तिकडे गरम पाणी, टीव्ही आणि तिची मालिका होती. जिलबेर्त दारात उभी राहून म्हणाली, "चल की तूही. मोनिक तुझं पान मांडतेय." मी म्हणालो, "त्याच्या दिव्याखाली मी घास गिळणार नाही." ती म्हणाली, "मग बस शेगडीला मिठी मारून. आपल्याकडे वीज आल्याशिवाय मी काही परत यायची नाही." थोड्या वेळाने कुत्राही गेला. त्याला मी काही बोललो नव्हतो.

५. तेव्हापासून मी एकटा आहे. सूप मला करता येते, पण ते एका माणसाचे करता येत नाही, त्यामुळे तेच ते रोज खातो. समोर एव्हरिस्तने नाताळची रोषणाई अजून उतरवलेली नाही. प्लास्टिकचे एक रेनडिअर रात्रभर पेटते-विझते आणि माझ्या बिछान्यावर लाल उजेड पाडते. यास छळ म्हणता येईल का, हे आपल्या विधी विभागाने पाहावे.

६. मी आपल्याकडे इतक्या तक्रारी केल्या, की शेवटी आपण खरोखरच माणूस पाठवलात. दूरच्या प्रांतातून मदतीला आलेला, चांगला उंच पोरगा होता. खांबावर चढला, यंत्र लावून पाहिले, उतरला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला, "काका, वीज आहे की! घरातला मेन बघितलात का?" एव्हरिस्त तेव्हा त्याच्या पायऱ्यांवरचे बर्फ फोडत होता. मी लाइनमनला म्हणालो, "हे घर मी बांधलंय. मला मेन शिकवू नकोस. तुझं यंत्र बिघडलंय, नाहीतर तू." त्यावर शिव्यांदाखल तीन-चार पवित्र वस्तूंची नावेही घेतली, जी आपल्याकडे चर्चमध्ये कमी आणि रस्त्यावर जास्त ऐकू येतात. पोरगा गेला.

७. त्यानंतर मी तळघरात जाऊन मेन पाहिला. तो बंद होता.

८. मी तो लावला. फ्रिज हादरला, रेडिओ बोंबलला, स्वयंपाकघरात लख्ख उजेड पडला. मी तत्काळ मेन पुन्हा पाडला व मेणबत्तीपाशी येऊन बसलो. महोदय, आपण माझ्या जागी असता तर काय केले असते? आता दिवा लावला तर तो पोरगा खरा, मी खोटा. एव्हरिस्त हे मरेपर्यंत दर शनिवारच्या पत्त्यांत सांगेल आणि मी आधी मेलो तर माझ्या अंत्यविधीतही सांगेल. दिवा नाही लावला तर जिलबेर्त येत नाही. मला ती घरी हवी आहे. हे तिला सांगायची सवय राहिलेली नाही, म्हणून आपणास कळवीत आहे.

९. सबब नम्र विनंती, की आपली शिडीची मोठी गाडी, पिवळा दिवा फिरता ठेवून, माझ्या खांबापाशी पाठवावी. किमान दोन माणसे वर चढवावीत. ती तरुण नसावीत, तरुण माणसे खरे बोलतात. त्यांनी वर अर्धा तास काहीतरी करावे. एकाने खाली पाहून मोठ्याने म्हणावे, "सापडला हो बिघाड! काकांचंच बरोबर होतं." एवढे झाले की मी मेन लावीन. कामाची वेळ दुपारच्या जेवणानंतरची असावी, त्या वेळी एव्हरिस्त खिडकीत असतो.

हा अर्ज येथवर लिहून झाल्यावर मी ऐन वेळी अंधारात चाचपडायला नको म्हणून तळघरात एक फेरी मारून आलो. पुढील मजकूर त्यानंतरचा आहे. वरचा खोडायला हवा, पण कागद एवढाच आहे.

मेनच्या पेटीसमोर फळीवर बीटाच्या लोणच्याच्या बरण्या असतात. त्या दूर केल्याशिवाय हात आत जात नाही. पहिल्यांदा मी घाईत त्या ढकलल्या होत्या आणि दोन अजून जमिनीवर होत्या. त्या परत लावताना लक्षात आले, की मी येण्याआधी त्या उंचीप्रमाणे, नावाच्या चिठ्ठ्या पुढे करून लागलेल्या होत्या. असे या घरात एकच माणूस लावते. वादळ सुरू झाले त्या दिवशी मेन मीच पाडला असेल असे मी धरून चाललो होतो. पण त्या दिवशी मी सबंध वेळ छपरावर कुऱ्हाडीने बर्फ फोडत होतो, तळघरात गेलोच नव्हतो. गेली होती ती जिलबेर्त, समोर जायला निघताना. "मोनिकसाठी बीट घेते," म्हणाली होती. आज ना उद्या आपली बाजूही सुरू होणार आणि मग मी समोर कधीच जाणार नाही, हे तिला ठाऊक होते.

आधी मला राग आला. मग मी पायरीवर बसलो आणि मला हसू आले, आणि हसताना वाईटही वाटले. सहा हिवाळे ही बाई दोन घरांमध्ये भांडी नेते-आणते आहे आणि मी तिला कधी विचारले नाही, की तिला थंडी वाजते का.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. लाइनमन ओरडला ते एव्हरिस्तने ऐकले. त्याचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. म्हणजे माझ्याकडे वीज आहे आणि मी मूर्खासारखा मेणबत्तीत बसलो आहे, हे त्याला कळलेले आहे. लहानपणी मी तळ्यात पडलो तेव्हा मला ओढून काढण्याआधी जो पोट धरून हसला, तो भाऊ या वेळी हसला नाही. पायऱ्या साफ करत राहिला. आत्ता खिडकीतून पाहिले, तर पायऱ्या कोरड्या आहेत आणि पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत एक माणूस चालेल एवढी वाट त्याने कुदळीने मोकळी केलेली आहे. गाडी काढायला तिचा उपयोग नाही. ती थेट माझ्या दारासमोर संपते.

तरी वरील परिच्छेद ९ मधील विनंती रद्द समजावी. गाडी पाठवू नये. मेन मी पाडलेला आहे आणि तो सध्या तसाच राहील. शेगडीतला विस्तव झाकला आहे. आपल्या कार्यालयातून कोणी दूरध्वनी करून माझ्या घरी वीज असल्याचे जिलबेर्तला कृपया कळवू नये. ध्वनिमुद्रित बाईंनाही तशी ताकीद द्यावी. तिचा डाव साधत आला आहे, तो तिला साधू द्यावा. लाइनमनला मात्र सांगावे, की त्याचे यंत्र ठीक आहे.

तसदीबद्दल क्षमस्व. उत्तर पाठवायचे झाल्यास खालील पत्त्यावर पाठवावे.

आपला नम्र वीजग्राहक,
लिओदोर कुर्शेन

दिनांक : २१ जानेवारी

पत्ता (सध्याचा) : द्वारा श्री. एव्हरिस्त कुर्शेन, तिसरी रांग, दक्षिण बाजू, सें-ओनेझिफोर.