अंतराळात साय धरत नाही

प्रिय स्वानंद,

झाशीत पारा सेहेचाळीसवर आहे आणि मी आठ दिवस शून्याच्या कितीतरी खालच्या थंडीचे आकडे तपासत बसले आहे. अंतराळात क्वांटम संगणक चालेल का, यावर सोमवारी समितीला माझं मत द्यायचंय. तुझी सात वर्षं त्या मतावर अडकलीत, हे मला कुणी सांगायला नको.

बाबांचं आयुष्य ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात गेलं. मालगाडीनं पाठवलेला ट्रान्सफॉर्मर पोचला की ते आधी त्यावर बसवलेलं धक्के नोंदवणारं यंत्र वाचायचे, मगच बाकीचं बघायचे. अंतराळ थंडच असतं ना, असं त्यांनी विचारलं. तुझ्या यंत्राला त्याहून शेकडो पट जास्त थंडी लागते आणि ती करणारे हेलियमचे दोन प्रकार, दुधावर साय राहावी तसे, वजनामुळेच वर-खाली राहतात, हे मी समजावलं. तिथे वजन नाही म्हणजे साय धरणार नाही, असं म्हणून ते बरुआसागरचं आलं घातलेला चहा प्यायला लागले. तू त्यावर चार वर्षं घालवून तोड काढलीस. छान आहे रे ती, मला हेवा वाटला.

पण तुझ्या अहवालाचं पान एकेचाळीस! अंतराळातल्यासारख्या किरणांचा मारा केल्यावर शंभरातली सहाच गणितं बरोबर आली. ही चाचणी तुझ्याकडे कुणी मागितली नव्हती. तूच केलीस, तूच छापलीस.

मी ‘सध्या शक्य नाही’ असं लिहिलं. मग भांडी घासली, इंदिरामावशीला लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात नेऊन आणलं. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. दाताला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं चाललंय.

काल समितीच्या सचिवांना फोन केला. स्वानंदचं आणि माझं लग्न ठरत होतं, मीच नकार दिला होता, तेव्हा मला यातून काढा, असं सांगितलं. ते म्हणाले, मालूम है जी, तुमचं नाव त्यांनीच सुचवलंय आणि हेही त्यांनीच लिहून दिलंय. मग सगळं कळलं. बाकीचे तुला भिडेखातर आणखी दोन वर्षं देतील, मी देणार नाही, आणि स्वतःहून काम थांबवणं तुझ्यानं होत नव्हतं. समितीच्या कागदावरून कळू नये म्हणून तुला आधी लिहितेय. एकाच माणसाला दोनदा नाही म्हणायला लावलंस मला, स्वानंद. पहिल्यांदा मी महिनाभर जेवले नव्हते. या वेळी एक जेवणही चुकलं नाही, याचीच मला भीती वाटते.

तरीही तुझीच,
कल्याणी