धाकट्या जावयाचा फळा

मंठा, ता. ८ फेब्रुवारी १९९०

तीर्थरूप रामराव मामा, बदनापूर मुक्कामी,

थोरला जावई धर्मराज याचा नमस्कार पावावा. इकडं पुष्पा व लेकरं खुशाल. तुमचा खोकला व मामींचा गुडघा कसा आहे ते कळवावं. (गुडघ्याला संपतनं पाठवलेलं तेल लावू नये. त्याचं दुकान चष्म्याचं आहे, तेलातलं त्याला काय कळतं?)

पत्रास कारण, तुमचा हाच धाकटा जावई. एस.टी. स्टँडासमोर दुकान टाकून दिलं तर यानं बाहेर काळा फळा टांगला, अन् रोज सकाळी खडूनं पुढाऱ्यांची चित्रं काढून राह्यला. म्हणतो व्यंगचित्र. मामा, मी सरकारी परीक्षेत अ श्रेणी मिळवलेला ड्रॉइंग मास्तर. माझ्या हातचा घडा पाह्यला तर तहान लागते. पण स्टँडावर कोणी माझ्या घड्याचं नाव काढत न्हाई. परगावचा माणूससुद्धा उतरला की आधी फळा पाहतो, मंग मुतारी शोधतो.

मागल्या महिन्यात काय झालं ते तुमच्या कानावर आलंच असेल, पण ते संपतच्या तोंडून आलं असेल, म्हणून बराबर सांगतो. स्टँडावर प्रवाशांसाठी निवारा बांधून राह्यलेत. चार खांब उभे झाले, छत न्हाई, अन् त्याआधीच नावाचं भांडण. आमचे सरपंच अण्णासाहेब म्हणाले, माझ्या वडिलांचं नाव. बाजार समितीचे रायभानराव म्हणाले, माझ्या वडिलांचं. (दोघांचेही वडील जन्मात कधी एस.टी.त बसले न्हाईत. बैलगाडीवाले लोक.) पाहता पाहता प्रकरण हातघाईवर आलं. एका पोराचं डोकं फुटलं, अन् बाजाराच्या दिवशी दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन खांबांच्या अल्याड-पल्याड उभे. जमादार घामाघूम. दुकानं धडाधड बंद.

एक दुकान तेवढं उघडं. संपत स्टुलावर चढून चित्र काढत होता. त्याची बायको, आपली बेबीनंदा, खालून ओरडून राह्यली, “अहो, उतरा, कोणीतरी धोंडा घालंल!” हा उतरला न्हाई. चित्र असं, की अण्णासाहेब अन् रायभानराव नावाची पाटी दोन टोकांनी ओढताहेत, अन् खाली उन्हात बसलेली म्हातारी म्हणते, “वढा बाबांनो, पण पाटी जरा आडवी धरा. तेवढीच सावली पडंल.”

आधी झुंबरबाई हसल्या. म्हणजे खुद्द अण्णासाहेबांची मंडळी! बाजाराला आल्त्या, तोंडात पदर कोंबून हसल्या. मंग हसणं पसरतच गेलं. अण्णासाहेब तणतणत फळ्यापाशी आले, पलीकडून रायभानराव आले.

अण्णासाहेब म्हणाले, “माझं पोट एवढं हाये का?”

रायभानराव म्हणाले, “कमीच काढलंय.”

अन् अण्णासाहेबच हसले! काठ्या खाली झाल्या. आधी छत, मंग नाव, असं ठरलं. शांतता समितीनं संपतला शाल-नारळ दिलं, अन् सत्काराचा फलक रंगवायला कोणाला बोलावलं? मला. त्याचं नाव मी लाल रंगात, फुटाफुटाच्या अक्षरात लिहिलं. हात थरथरला न्हाई, याची नोंद घ्यावी.

घरी पुष्पा म्हणाली, “भावजींनी गाव वाचवलं.” मी म्हणालो, खडूनं कोणीही वाचवील, मी ऑइलपेंटनं वाचवतो. अन् पुढच्या बाजाराला चांगला पाच हात लांब कापडी फलक लावला. मधोमध शांतीचं कबूतर, चोचीत डहाळी, दोन्ही बाजूंना दोघे पुढारी. आता कबूतर जरा भरल्या अंगाचं झाल्तं. लोक म्हणाले कोंबडी. रायभानरावांच्या पुतण्याच्या कोंबडीचोरीचा मागं बोभाटा झाल्ता, हे मला काय ठाऊक! त्यांची माणसं फलक फाडायला धावली. अण्णासाहेबांची माणसं म्हणाली, खरं तेच काढलंय, फाडून दाखवा. पुन्हा काठ्या! मी संपतच्या दुकानात शिरलो. (चष्म्याचा नंबर तपासायचाच होता.)

संपत माझ्या फलकापुढं जाऊन उभा राह्यला. म्हणाला, “चित्र वाईट हाये, मान्य. पण वाईट चित्र काढायचा हक्क बी माणसाला हाये. आज ह्ये फाडलं, तर उद्या माझा फळा पुसणाऱ्याला मी कोणत्या तोंडानं अडवू?”

मंग कोणीतरी विचारलं, “पण ह्ये कबूतर हाये का कोंबडी?”

“ते मास्तरलाच इचारा.”

सगळा बाजार हसला. फलक वाचला, मीही वाचलो. पण मामा, ‘वाईट, मान्य’? हे मान्य करायचा अधिकार त्याला दिला कोणी? तेव्हापासून पोरं मला वर्गात कबुतराचा आवाज काढून दाखवतात, अन् तोही कोंबडीसारखा.

तरी त्याला तुम्ही बोलावून घ्यावं अन् निक्षून सांगावं, की फळा उतरव, चष्मे वीक. तुमचा शब्द तो मोडणार न्हाई.

आपला (थोरला) जावई,
धर्मराज

ता. क. पत्र टाकायला निघालो तर स्टँडावर जमादार. संपतनं काल रस्त्याच्या खड्ड्यांवर चित्र काढलं, ते वरच्या कोण्या साहेबाला झोंबलं, म्हणून फळा जप्त करायला आलेला. मी जाऊन फळ्यासमोर स्टुलावर बसलो. म्हणालो, आधी मला उचला. का म्हणालो ते विचारू नये. तो गेला, पण बाजाराच्या दिवशी परत येणार. तेव्हा वरचा मजकूर रद्द समजून, तुमच्या ओळखीचे वकील अन् दोन-चार वजनदार माणसं घेऊन नक्की यावं. गाडीचा खर्चा माझा. फळा हलता कामा नये.

दुसरा ता. क. आतापर्यंत संपतनं फळ्यावर सगळ्या गावाला काढलंय. जमादारालासुद्धा. मलाच तेवढं काढलं न्हाई. आल्यावर सहज सुचवल्यासारखं करावं. माझं नाव मधी येऊ देऊ नये. नाक मुळात लांब आहे, आणखी लांब केलं तरी माझी हरकत न्हाई.