मधूची सत्तर-दोनशे

दुक्म (ओमान), शुक्रवार

प्रिय मधू,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, वेळेवर जेवतो आहे, आणि मेसच्या सांबारात आज चक्क शेवग्याच्या शेंगा निघाल्या. फोनवर आपलं बोलणं देविकाची परीक्षा, बिघडलेला गिझर आणि 'नीट झोपलास का' यांतच संपतं. शिवाय फोनवर तू मला मध्येच तोडतेस. कागदावर ती सोय नाही. माझ्या खोलीतला निशांत उद्या गाडीने मस्कतला निघतोय, त्याच्या हाती हे देतो. बाहेर वारा असा सुटलाय की रिफायनरीची ज्योत आडवी झालीये, आणि कॅम्पात कपडे धुण्याखेरीज कुणाला काही काम नाही.

मस्कतच्या रुवीतल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानातली तू सारखी डोळ्यांसमोर येतेस. इक्बालभाईंनी काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या होत्या, सत्तर-दोनशे आणि शंभर-चारशे. मी लगेच शंभर-चारशेला हात घातला. जास्त लांबचं दिसतं, अजून काय हवं? इक्बालभाईही माझ्या बाजूने झाले. "वहिनी, साहेब बरोबर बोलतायत, चारशे घेतलीत तर रेस ट्रॅकच्या त्या टोकाची गाडीपण घरात आल्यासारखी दिसेल." तू दोन्ही लेन्स आलटूनपालटून कॅमेऱ्याला लावल्यास, दुकानाबाहेर फुटपाथवर उभी राहिलीस आणि रुवीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या नारिंगी-पांढऱ्या टॅक्स्या टिपायला लागलीस. पाय घट्ट रोवलेले, कोपर पोटाशी, आणि कंबरेपासून वरचं सगळं अंग टॅक्सीबरोबर वळणारं. एक टॅक्सीवाला गिऱ्हाईक समजून थांबलासुद्धा! तू त्याला हसून "यल्ला, यल्ला" करत पुढे पाठवलंस आणि पुढच्या टॅक्सीच्या मागे लागलीस.

मग आत येऊन आम्हा दोघांना फिजिक्सचा तास घेतल्यासारखं समजावलंस. शंभर-चारशे लांबवली की तिची नळी बाहेर येते, आत-बाहेर करताना धूळ ओढते, आणि ट्रॅकवर धुळीला काय तोटा. सत्तर-दोनशेचं सगळं आतल्या आत फिरतं. तिचं तोंड मोठं, ती उजेड जास्त घेते, आणि इथल्या शर्यती ऊन उतरल्यावरच रंगात येतात. अंधारून आलं की दुसरी लेन्स गाडी शोधत बसते, तोवर गाडी निघून गेलेली असते. आणि शेवटी म्हणालीस, "लांबून काढलं ना, की गाडीच्या आणि माझ्या मधली तापलेली हवाही फोटोत येते. डांबरावरून वाफा उठतात, गाडी पाण्यात बुडाल्यासारखी दिसते. त्याला कुठल्याच लेन्सकडे औषध नाही. जवळ जाणं हेच औषध." इक्बालभाईंनी शंभर-चारशे परत डब्यात घातली.

मला काय वाटलं ते तेव्हा बोललो नाही. मला शंभर-चारशे हवी होती ती फोटोसाठी नव्हे. ती हातात असली तर तू लांब उभी राहशील, एवढाच माझा हिशेब होता. तू 'जवळ जाणं' म्हणालीस आणि तो हिशेब तिथेच मोडला.

खरं तर तू या वाटेला लागलीस तीच गंमत. तुझ्या शाळेच्या मुलांना कार्टिंगला, छोट्या रेसगाड्या चालवायला, नेलं होतंस, वर्गाच्या फलकासाठी चार फोटो हवे होते म्हणून माझा जुना कॅमेरा घेऊन गेलीस. रात्री जेवताना तू फक्त एकाच फोटोबद्दल बोलत होतीस, जो आला नव्हता. गाडी नीट आली होती, पण चाकं थिजलेली दिसत होती, धावती गाडी पार्क केल्यासारखी. दुसऱ्या शुक्रवारी तू एकटीच पुन्हा गेलीस. मी इथे दुक्मला कामावर होतो, मला वाटलं, आठवड्याची सुट्टी आहे, रमेल बिचारी. मग शर्यती भरवणारे क्लबवाले तुझे फोटो मागायला लागले, आणि या मोसमात तर त्यांनी तुला अधिकृत फोटोग्राफरचं जॅकेटच दिलं. शाळेत दिवसभर प्रकाशाचे नियम शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी धुरळ्यात उभं राहून तेच नियम वापरायचे! आणि इतके दिवस मी तुला काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. फोटो पाहिले होते, फोटो काढणारी पाहिली नव्हती.

ती मागच्या सुट्टीत पाहिली. देविका आणि मी वर प्रेक्षकांत बसलो होतो. सूर्य डोंगरामागे गेला होता, दिवे नुकतेच लागत होते, दोन गाड्या एकमेकींना खेटून टायरचा धूर काढत घसरत वळत होत्या. तू खाली बाहेरच्या वळणावर, काँक्रीटच्या ठोकळ्यांमागे उभी होतीस. शेजारी तुझ्यासोबत फोटो काढणारा तो उंच ओमानी मुलगा, सालिम. मी गाड्या कमी आणि तुलाच जास्त बघत होतो. एकदम तू कॅमेरा खाली केलास. हात उंच करून झेंडेवाल्याला काहीतरी ओरडून सांगितलंस, दोघींतल्या लाल गाडीच्या चाकाकडे बोट दाखवलंस, मग सालिमचं जॅकेट धरून त्याला ओढतच निघालीस. झेंडेवाल्याने वायरलेस तोंडाशी नेला, पण शर्यत थांबवायचा लाल झेंडा वर जाईपर्यंत ती गाडी पुन्हा वळणावर आली होती. तिचं पुढचं चाक निखळलं. ती सरळ गेली, आणि धडकेचा आवाज वरपर्यंत आला. मग सगळीकडे धूर आणि धुरळा. तू कुठेच दिसेनास.

मी उभा राहिलो होतो म्हणे. मला आठवत नाही. देविकाने माझा हात धरला आणि तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "बाबा, आई आधी बघते, मग फोटो काढते. ती ओके असणार." तुझ्या लेकीला हे माहीत होतं. मला नव्हतं.

आम्ही धावत खाली आलो तेव्हा तू उभी होतीस तिथला ठोकळा सरकून मागच्या जाळीत घुसलेला होता. "मॅडमने मेरे को खींचा, नहीं तो मैं खलास," हेच सालिम मोडक्या हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत होता. चाक लटपटतंय हे त्या संधिप्रकाशात वर बसलेल्या कुणालाच दिसलं नव्हतं, ते तुला त्या सत्तर-दोनशेतून दिसलं. आणि तू? तू गुडघ्यावर बसून फोटो काढत होतीस. ड्रायव्हर हेल्मेट काढून जमिनीवर बसला होता, मनगट धरून, आणि त्याला हरवायला आलेला दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर त्याच्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतत होता. दोघेही हसत होते. क्लबचा माणूस घाईने आला, फोटो आत्ताच्या आत्ता द्या, लगेच इंटरनेटवर टाकायचे आहेत म्हणाला. तू कॅमेरा छातीशी धरलास. "आधी याला घरी फोन करू दे. याच्या आईला आधी आवाज ऐकू दे, मग फोटो बघू दे." ड्रायव्हरचं आईशी बोलणं संपेपर्यंत तो आणि बाकी सगळेच थांबून राहिले.

मग तुझं लक्ष आमच्याकडे गेलं. "अरे, तुम्ही खाली कशाला आलात? देविकाला धुळीने खोकला येतो," एवढंच म्हणालीस. केसांत खडी अडकली होती तुझ्या. मी ती काढली, आणि घरी पोचेपर्यंत रस्त्याकडेच बघत गाडी चालवली. तुला वाटलं मी रागावलोय.

मधू, मी घाबरलो होतो. इथे परत आल्यापासून तो धूर डोळ्यांपुढून हलत नाही. आज सकाळी कागद घेऊन बसलो तो तुला हात जोडून सांगायला, की हे पुरे कर, फुलांचे काढ, लग्नांचे काढ, पण त्या वळणावर उभी राहू नकोस. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पत्र. ते वाक्य कसं लिहावं या विचारात आधी जे घडलं ते लिहीत गेलो, आणि लिहिता लिहिता तू मला पुन्हा तशीच दिसलीस. आता ते वाक्य लिहवत नाही. भीती गेलेली नाही, ती राहील, तिचं मी बघून घेईन. पुढच्या महिन्यात बिदियाला वाळूच्या टेकडीवर गाड्या चढवण्याची शर्यत आहे ना? मी रजा टाकली आहे. तुझी बॅग उचलेन, पाणी देईन, मध्ये बोलणार नाही. मी कुठे उभं राहायचं तेवढं सांग.

तुझाच,
गुरुदत्त