खारू येते आहे, हात मागे ठेव

ति. अक्कास,

साष्टांग नमस्कार (या वेळी ताठ मानेनं, जमतो तसाही). तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला यांत सध्या कोण पुढे आहे, ते कळव.

आठ वर्षांच्या आमच्या खारूला शर्टाची बटणं लावता येत नाहीत म्हणून आम्ही तिला ऑक्युपेशनल थेरपीला नेतो, हे ऐकून तू फोनवर म्हणालीस, "आपल्याला कोणी शिकवलं होतं रे? आपोआप आलं ना!" आणि वर, "स्वतःचं स्वतः करायला लागली की पाठव सुट्टीत राहायला." खारूनं ते ऐकलं. तेव्हापासून तिची बॅग भरलेली आहे. आता मी पडलो शंकेखोर. आपलंच लाडावणं नडलं की काय, असं थेरपिस्टबाईंना विचारलं. त्यांनी मला जाड लोकरी हातमोजे घालायला लावले. म्हणाल्या, "लावा तुमची बटणं. आणि भरभर हं, शाळेची बस उभी आहे." मी घामाघूम झालो; एक बटण तुटून झोपाळ्याखाली गेलं (तिथे झोपाळा, मातीचे गोळे, कपड्यांचे चिमटे असं बरंच काही आहे; दिसायला खेळ, पण त्यातून बोटांना बळ आणि अंगाला तोल येतो). "तिच्या बोटांना रोज असंच होतं," बाई म्हणाल्या. 'आपोआप' हा शब्द मी तिथेच सोडून आलो. तूही सोड.

त्यांची रीत उलटी आहे. वरची बटणं आपण लावायची, शेवटचं तिच्यासाठी ठेवायचं. ते जमलं की शेवटची दोन, मग तीन. म्हणजे काम पुरं करण्याचा मान दर वेळी तिचा. आम्ही नेमानं एक बटण सोडत होतो आणि प्रगती शून्य. मी रीतीवर संशय घेतला, बाईंवर घेतला, स्वतःवर तर घेतोच. शेवटी बाईंनी खारूलाच विचारलं, शेवटचं बटण कोण लावतं गं?

"आजोबा. त्यांना बघवत नाही."

म्हणजे आपले अण्णा! जिन्याच्या वळणावर रोज दबा धरून बसत होते. जाब विचारला तर माझ्यावरच उखडले, "पोरीला अर्धवट कपड्यांत सोडता, लाज नाही वाटत?" आता शाळेच्या वेळी त्यांच्या दोन्ही हातांत वर्तमानपत्र देतो. ते त्यावरून डोकावून पुटपुटतात, "अगं, भोक तिकडे!"

तर अक्का, खारू रविवारी येते आहे. बटणं सगळी लावते, पाणी ओतून घेते (थोडं ताटालाही मिळतं). बुटांच्या नाड्या अजून जमत नाहीत. शर्टाला इतका वेळ लागतो की तुझा चहा निवेल. निवू दे. तुझी अट मला मान्य नाही. जमेल ते ती करील, अडेल तिथे मागेल, आणि मागेपर्यंत तू हात पाठीमागे ठेवशील. सगळं आल्याशिवाय तिनं आत्याकडे जायचं नाही, हे मी चालवून घेणार नाही. नको म्हणालीस तरी आम्ही येऊन दारात उभे राहू.

तुझा (आणि तरीही तुझाच)
धाकटा भाऊ

ता. क. अण्णाही यायचं म्हणतात. वर्तमानपत्र तुझ्याकडे येतं ना?

ता. क. २ : पत्र खारूला वाचून दाखवलं. तिची एक दुरुस्ती आहे. वेणी ती शिकणार नाही. बाईंना तसं तोंडावर सांगून आली. वेणी आत्यानंच घालायची, कारण आत्या घालताना मध्येच थांबून गोष्टी सांगते. मी पुष्कळ समजावलं. ऐकत नाही. तेव्हा वरचं सगळं कायम, पण फणी काढून ठेव.