एका रविवारचं काम आणि बाबांची होडी

तीर्थस्वरूप हरेश्वरदादांना, नायगावहून हितेंद्रचा नमस्कार. नमस्कार पूर्ण वाकून केलेला आहे, राग फक्त कमरेच्या वरच्या भागात आहे. तिकडे गोव्यात तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर? आमच्याकडे सगळे ठीक. दर्शना ठणठणीत, वरळीला तुमच्या आई ठणठणीत, मी सोडून सगळेच ठणठणीत. हे फोनवर सांगितलं असतं, पण माझी बायको, म्हणजे तुमची बहीण, फोन स्पीकरवर टाकते आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर "असं काही नाही रे दादा" म्हणते. म्हणून पत्र.

दादा, मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी मी उरणला जाऊन एक नवी फायबरची बोट पसंत करून आलो होतो. पांढरी, निळ्या पट्ट्याची, बसायला गादी. दर्शनाने नोकरी सोडली, आता माझ्या सुटीच्या दिवशी तिला पाण्यावर जायचंय म्हणाली, तर मी म्हटलं, घेऊ. तेव्हा तुम्ही फोनवर काय म्हणालात? (स्पीकर चालू होता, साक्षीदार आहेत.) म्हणालात, "नवी कशाला? बाबांची होडी वरळीला कोळीवाड्यात पडलीय. फळी अस्सल आहे. एका रविवारचं काम!" दादा, तुमच्या घरी रविवार किती महिन्यांचा असतो?

तुमची अस्सल फळी आम्ही चार जणांनी मिळून पाहिली. होडी भिंतीला लागून पालथी होती. उचलून सरळ केली, तेव्हा खालून मांजरीची पिल्लं निघाली, बाबांची एक चप्पल निघाली आणि होडीच्या कडेची दीड हात फळी तशीच वाळूत बसून राहिली. मी म्हटलं, झालं, देवाची इच्छा, उरणला फोन करतो. दर्शना ती फळी हातात घेऊन उभी. म्हणाली, "बाबांच्या हातची आहे." म्हटलं, "अगं, पण हातातच आली ना!" त्यावर माझ्याशी दोन दिवस कोणी बोललं नाही. आईसुद्धा. बाजारातली ओळखीची बाईसुद्धा.

मग नवीन फळ्या, मग फटींमध्ये कापूस ठोकणं, मग त्यावर गरम राळ. मी विम्याच्या ऑफिसातला माणूस. राळ हा प्रकार मी देवळात धूप घालताना पाहिलेला. ती बोटांना लागली की साबणाने जात नाही, रॉकेलने जात नाही, आठवड्याने कातडीबरोबर जाते. सोमवारी ऑफिसात हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला तर मशीन म्हणतं, हा माणूस आमचा नाही. साहेबांच्या समोर बसून, साहेबांचाच चहा पीत असताना, मी गैरहजर! आमच्या अक्षता मॅडमनी विचारलं, "हितेंद्र, सरळ नवी का नाही घेत?" डोळ्यांत पाणी आलं हो. जगात एक तरी शहाणं माणूस आहे.

आता इंजिनाबद्दल. ते काढून दुरुस्तीला लालबागला न्यायचं, म्हणून चादरीत गुंडाळून टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं घातलं. टॅक्सीवाल्याने आरशात बघून हळू आवाजात विचारलं, "कौनसे हॉस्पिटल?" दुरुस्त होऊन आल्यावर ट्रायल पाण्यातच घ्यावी लागते म्हणे, म्हणून दर्शनाने चाळीच्या अंगणात पिंपात उभं केलं आणि दोरी ओढली. दादा, मी तिला म्हटलं होतं, हळू. पिंपातलं सगळं पाणी एका झटक्यात पहिल्या मजल्यापर्यंत गेलं, आणि लग्नाला निघालेले कोंडीराम नाना जिन्यात होते. नाना आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली: 'आवारात जहाज चालवू नये.' खाली फक्त माझ्या खोलीचा नंबर.

शेवटी होडी पाण्यात गेली. दर्शना इंजिनापाशी, मी पुढे, आई धक्क्यावर. निघालो झोकात. समुद्रावरच्या पुलाच्या खांबांपर्यंत गेलो आणि इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. त्याच वेळी माझ्या पायाला गार लागलं. एक फट कापसाला जुमानत नव्हती. मी डब्याच्या झाकणाने पाणी उपसतोय, मध्येच कडेवरून मान काढून उलटी करतोय, पुन्हा उपसतोय. धक्क्यावरून आईंचा आवाज, "दर्शने, इंजिनाला पाणी लागू देऊ नको गं!" मी? माझ्याबद्दल एक शब्द नाही!

आम्हाला ओढून आणलं कोणी, तर आईंच्या शेजारच्या स्वरूपने. त्याच्या नव्या बोटीतून. पांढरी, निळा पट्टा, गादी. वर त्याने व्हिडिओ काढला. ऑफिसात सगळ्यांनी पाहिला. मशीननेही पाहिला असावा, कारण आता अंगठा लगेच ओळखतं.

एवढं सगळं झाल्यावर तुमच्या त्या 'एका रविवारा'बद्दल माझं मत काय आहे, ते मी लिहीत नाही, कारण तुम्ही मोठे आहात. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा.

आपला, अजून खारट लागणारा,
हितेंद्र

ता. क. आई म्हणाल्या, होडी दुरुस्त झाली म्हणून तुम्ही मुरुडच्या कोणा हॉटेलवाल्याला ती विकायचं बोलून बसलात, आणि शनिवारी त्याला घेऊन येताय. होडी तुमच्या नावावर आहे, मी काय बोलणार? फक्त एवढं करा, वरचं पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवा. वाळूत राहिलेली फळी आणि उलटीची जागा विशेष सावकाश वाचा. गिऱ्हाईक टिकायला नको.

आणखी ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही. बाबा गेल्यापासून होडीचं काम निघेपर्यंत दर्शना धक्क्यावर पाऊल ठेवत नव्हती, नुसतं पाण्यावर जायचंय म्हणायची. आईच नायगावला येऊन तिला भेटून जायच्या. त्या दिवशी इंजिन बंद पडलं तेव्हा तिने त्याला एक लाथ घातली आणि बाबा घालायचे तीच शिवी घातली, तशीच्या तशी. मग स्वतःच दचकली, आणि इतकी हसली, इतकी हसली की रडायला लागली. मी उपसायचं थांबून बघत बसलो. म्हणून पाणी एवढं चढलं. आता ती फट बुजवली आहे. माझी उलटीही कमी आहे.

शेवटचं ता. क. तरीही त्याला घेऊन आलातच, तर शनिवारी दर्शना, आई आणि मी, आम्ही तिघंही होडी घेऊन पाण्यावर असू. धक्क्यावरून हाका मारू नका. इंजिनाचा आवाज फार मोठा आहे.