सिद्धनाथाचा डावा कौल

मु. पो. वडाचीवाडी, कृष्णाकाठ
मार्गशीर्ष, सन १९७४

तीर्थस्वरूप हरिबामामा यांच्या पायांवर नाथाजीचे डोके. (डोके सध्या ठिकाणावर नाही, पण जेवढे उरले आहे तेवढे ठेवले आहे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला उतरला का? इकडे आम्ही सगळे अंगाने बरे आहोत, मनाचे विचारू नका. जतच्या पाहुण्यांकडची सोयरीक मोडली, हे एव्हाना तुमच्या कानावर गेले असेल. स्थळ तुम्ही आणलेले, शब्द तुमचा गेलेला, तेव्हा तुम्ही काठी घेऊन म्हसवडहून निघण्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडावे म्हणून घाईने लिहीत आहे. मामा, देवाशपथ सांगतो, यात आमचा कुणाचा दोष नाही. पाहुण्यांना तुमची भाची हरणा पसंत होती, आम्हाला त्यांचा ज्ञानू पसंत होता. सरकारी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, निर्व्यसनी, बोलायला मऊ. नापसंत केले ते देवाने. मी तर अजून हादरलेलाच आहे.

आता देव या व्यवहारात आला कसा, ते सांगतो. दिवाळीत तुम्ही आला होता तेव्हा आमची गुंडा आणि मनु ही दोन रत्ने तिन्हीसांजेला हातही न जोडता भाकरीवर तुटून पडलेली तुम्ही पाहिलीत आणि मला परसात नेऊन झापलेत. पोरांना देवाची स्तुती करायला शिकव, सगळे घर दिवा लागल्यावर देव्हाऱ्यापुढे बसले पाहिजे, असा तुमचा हुकूम. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला हुकूम म्हटले की पुढचे सुचत नाही. दुसऱ्याच दिवसापासून मी प्रार्थना चालू केली. आधी हजेरी, मग सावधान, मग आरती. पण आरती म्हणताना गुंडा जांभया द्यायचा आणि मनु टाळ्या वाजवता वाजवता भावाच्या पाठीत एक घालायची. मी विचार केला, पाठ केलेल्या शब्दांत भाव नाही, म्हणून यांचे लक्ष लागत नाही. मी सांगितले, उद्यापासून ज्याने त्याने आपल्या मनातली एकेक गोष्ट बोलून देवाची स्तुती करायची. पोरांच्या मनात काय काय असते हे ठाऊक असते तर जीभ चावली असती.

पहिल्या संध्याकाळी गुंडाने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “देवा, तू लय चांगला हायस, कारण तुझा हात आमच्यापातूर पोचत न्हाई.” मी म्हटले, असो, सुरुवात आहे. मग मनुची पाळी. ती म्हणाली, “देवा, तुज्या अंगावर चांदी हाय, पण तू धोंडुकाकीगत दारोदार दावत हिंडत न्हाईस.” पोरांची चुलती धोंडुबाई नेमकी त्याच दिवशी नवी पुतळ्यांची माळ घालून प्रार्थनेला आली होती. (तेव्हापासून आमच्याकडे ताक येणे बंद आहे.) तिसऱ्या दिवशी कहर झाला. गुंडा म्हणाला, देवा, तुझ्यासारखा सोशीक कोण नाही, तुला निवद दाखवतात आणि खातो आमचा बा, तरी तू एका शब्दाने बोलत नाहीस. तुमची भाचेसून शालू तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मी सांगणार कोणाला आणि मारणार कोणाला? हुकूम माझाच होता, आणि तपासून पाहिले तर पोरगे एक अक्षर खोटे बोलले नव्हते.

पण मामा, एक कबूल केले पाहिजे. पोरे प्रार्थनेला लागली. पाणी तापायच्या आत पाय धुऊन देव्हाऱ्यापुढे हजर. आजूबाजूची मंडळीही येऊन बसू लागली. (भक्तीने येत होती असे मी म्हणणार नाही. आज कोणाचे नाव निघते ते ऐकायला येत होती, आणि आपले निघू नये म्हणून पोरांच्या हातावर शेंगा ठेवत होती.) एवढ्यावर भागले असते तर बरे. पण तुमच्या आक्कांनी, म्हणजे आमच्या आईने, त्यात कौलाची भर घातली. तिने माहेराहून आणलेला सिद्धनाथाचा पितळी मुखवटा तुम्हाला माहीत आहे. त्याच्या दोन्ही गालांवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि देवाला विचारायचे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. स्तुती झाली की आई पाकळ्या ओल्या करून पोरांच्या हातात द्यायची, पोरे लावायची. मग काय विचारता! उद्या शाळेला जावे का, शेवग्याची भाजी खावी का, बाने दाढी करावी का, सगळे देवाला विचारून. घरात माझे मत घ्यायची पद्धतच बंद पडली.

अशात पाहुणे आले. ज्ञानूचे वडील नानासो किती देवभोळे माणूस ते मी तुम्हाला काय सांगावे? हरणाने पोहे दिले, चार प्रश्न झाले, सगळे हसून खेळून. ज्ञानूने पोह्यांची बशी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली, त्यावर बायकांत कुजबुजही झाली. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. तोवर दिवे लागले आणि आमची दोन रत्ने सवयीने देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. मी देवाआधी पोरांनाच हात जोडले. पण त्या दिवशी सरस्वती पोरांच्या जिभेवर होती. गुंडा म्हणाला, देवा, तू आमच्या उसालाही पाणी देतोस आणि पाहुण्यांच्या टँकरलाही देतोस, तुला दोन्हीकडची काळजी. मनु म्हणाली, देवा, तू आमची आत्या एवढी चांगली केलीस, तुझा हात लय गुणाचा. नानासोंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्यांनी पटका काढून ठेवला, देव्हाऱ्यापुढे मांडी घातली आणि म्हणाले, “आशी लेकरं ज्या घरात हायत, तितं देव खरं बोलतो. आवं नाथाजीराव, तुमी न्हाई, आमी न्हाई. लेकरास्नीच इचारू द्या, ही लेक आमच्या घरात द्यावी का.”

मला वाटले, झाले, मामांचा शब्द राहिला. आईने पाकळ्या ओल्या केल्या, पोरांनी लावल्या. आणि डावी पडली. नानासो म्हणाले, वारा असेल, दार लावा. दार लावले. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा आईने स्वतः पुढे होऊन पाकळ्या दाबून बसवल्या, म्हणजे चूक नको. तरी डावीच, आणि उजवी पाकळी देवाच्या गालाला अशी चिकटून, की जणू तिथेच उगवली होती. मामा, मी लढाईत तोफा ऐकल्या आहेत, पण ती पाकळी जमिनीवर पडल्याचा आवाज मला जेवढा मोठा वाटला तेवढी तोफ कधी वाटली नाही. नानासोंनी पटका बांधला, आईच्या पाया पडले आणि देवाच्या पुढे आपण कोण, असे म्हणून निघाले. भांडण नाही, रुसवा नाही. ज्ञानूने तेवढे वळून बघितले. हरणा आत जात्यापाशी पाठ करून बसली ती रात्री जेवायलाही उठली नाही.

तर मामा, झाले ते असे. देवाची इच्छा आपण मोडू शकत नाही. तुम्ही जतला जाऊन नानासोंची समजूत घालावी, आमच्याबद्दल मनात काही ठेवू नये असे सांगावे, एवढीच विनंती. देवाचे नाव घ्यायला तुम्ही शिकवलेत, देवाचा शब्द पाळायलाही तुम्हीच बळ द्यावे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
नाथाजी

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तोवर मनु ओरडत आली की देवाच्या गालाला मुंग्या लागल्यात. जाऊन पाहतो तर सिद्धनाथाच्या उजव्या गालावर मुंग्यांची रांग. बोट लावून चाखले. काकवी! उजव्या पाकळीला मागून काकवी लावलेली, ती पडणार कशी? मी पोरांवर हात उगारला तर आई मध्ये आली. ती, मामा, ती! जिने उभ्या जन्मात देवाला दाखवल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही, ती म्हणाली, “पोरास्नी का मारतोस? म्या लावली. कळशी वाहून वाहून टाळूवरचं केस गेलं हुतं माजं माहेरात. माजी लेक म्या परत तसल्याच कोरड्या मुलखात, जतला, धाडणार न्हाई.” मी म्हणालो, आई, हा देवाशी दगा आहे. तर मलाच म्हणते, “तू न्हाईस व्हय पोरास्नी शिकवलंस, देवाला आदी ग्वाड बोला आन मग मागा? म्या ग्वाड बोलले न्हाई, ग्वाड लावलं. येवढाच फरक.” मी उगारलेला हात खाली घेतला. संध्याकाळी मनुने स्तुती केली ती अशी, की देवा, तुझ्या गालाला मुंग्या लागल्या तरी तू हलला नाहीस. मी मान खाली घालून बसलो होतो.

ता. क. दुसरा. हरणा जात्यापाशी होती, तिने सगळे ऐकले. बाहेर येऊन उभी राहिली. लहानपणापासून माझ्यापुढे वर मान करून न बोललेली पोर म्हणाली, “दादा, देवाला तुमी तीनदा इचारलंत. मला येकदाबी न्हाई.” शालूने विचारले, मग तुझा कौल काय? ती म्हणाली, “मला त्यो पसंत हाय. आन आये, गावोगाव पाणी वाटणाऱ्याच्या दारात पाणी येणार न्हाई, तर कुणाच्या येईल?” आईने पदराने मुखवटा पुसायला घेतला. पुसता पुसता रडत होती. मामा, मीही रडलो. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. नानासोंची समजूत घालू नये, त्यांना परत घेऊन यावे. पण ते डोळस नाहीत, देवभोळे आहेत. डावा पडलेला कौल स्वतःच्या डोळ्यांनी उजवा पडलेला पाहिल्याशिवाय ते उंबरा ओलांडणार नाहीत.

ता. क. तिसरा, आणि हे मामींना वाचून दाखवू नये. आई म्हणते, ही विद्या तिला तुम्हीच शिकवलीत. तिला माहेराशेजारच्या तशाच कोरड्या वाडीतल्या घरात द्यायचे ठरत होते, तेव्हा बारा वर्षांच्या हरिबाने मुखवट्याला काकवी लावून तो कौल डावा पाडला, म्हणून ती कृष्णाकाठी आली. तिने हे आजवर माझ्या वडिलांनाही कळू दिले नव्हते. हे ऐकून मी खाटेवर आडवा झालो तो अजून उठलेलो नाही, पडूनच लिहीत आहे. तुमच्यावर रागवावे की तुमचे पाय धरावे, कळत नाही. तुम्ही तसे केले नसते तर मी आज कोणाचा कोण असतो? तरी देवाशी लबाडी ती लबाडीच, आणि माझ्या घरात ती चालणार नाही, हे एकदा स्पष्ट सांगतो. नानासोंना पौर्णिमेला घेऊन यावे. काकवी यंदाचीच आहे, डाव्या गालाला मी स्वतः लावीन. फक्त तुम्हाला इतकी वर्षे कोणी पकडले नाही, ते मुंग्यांचे काय केले होतेत, तेवढे उलटटपाली कळवावे.