निळ्या चपला

रविवार, २२ मार्च. संध्याकाळ.

अजून डोकं तापलेलंच आहे. निरंजनला मित्र म्हणायची लाज वाटतेय मला.

कोंडाण्याची लेणी बघून उतरताना माझी ओवी रडून लाल झाली होती. आठ महिन्यांची पोर, आणि ऊन काय ते! समोरून वाडीवरची एक बाई डोक्यावर मोळी घेऊन आली. काही न विचारता तिने मोळी उतरवली, ओवीला घेतलं आणि करंजाच्या सावलीत बसली. पोर गप्प.

आणि कॅमेरा गळ्यात घातलेला हा माणूस तिला काय म्हणाला? "मावशी, पोरगी द्या हिच्याकडे आणि मोळी परत डोक्यावर घ्या ना. त्या निळ्या चपला काढा, प्लास्टिक फोटोत बरं दिसत नाही."

"भुई लय तापलीय रं."

"एकच मिनिट, मावशी."

एक मिनिट कसलं! आधी लेन्स बदलली, मग सावली पडते म्हणून तिला उन्हात सरकवलं. ती अनवाणी, एकदा हा पाय उचलतेय, एकदा तो. आणि माझ्या ओवीच्या पायात बूट. जिला अजून उभंही राहता येत नाही!

आत्ता त्याने ग्रुपवर फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, ‘मातीशी नातं’. सगळे वा वा करतायत. मी चांगलं खरमरीत उत्तर लिहिलं. पाठवण्याआधी फोटो मोठा करून पाहिला.

कडेला माझा हात आलाय. हातात निळ्या चपला.

फोटोत येऊ नयेत म्हणून मीच पुढे होऊन उचलल्या होत्या.